प्रसादाचे अन्न आणि रांधणाऱ्याचे हात

सज्जनहो, गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी आहाराचे तीन प्रकार सांगितले आहेत, हे आपण सारे जाणताच. सात्त्विक आहारावर प्रवचने पुष्कळ होतात. राजसावरही होतात, तिखट-आंबट खाणाऱ्यांना चार शब्द सुनवायला कोणत्या बुवाला आवडत नाही? तामस आहाराचा श्लोक मात्र आपण घाईने उरकतो. कांदा-लसूण हे दोन शब्द उच्चारले की झाले तामसाचे निरूपण! वस्तुतः त्या श्लोकात कांद्याचे नावही नाही. तेथे पहिलाच शब्द आहे ‘यातयाम’. याम म्हणजे प्रहर, आपल्या घड्याळाचे तीन तास. शिजून ज्याला प्रहर लोटला ते अन्न यातयाम. श्रीमत् शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात या शब्दाचा अर्थ निराळा घेतला आहे. ते म्हणतात, नीट न शिजलेले. आणि आमच्या ज्ञानोबारायांनी या ठिकाणी दोन्ही गोष्टी पदरात घेतल्या आहेत. वेळ उलटून गेलेले खाणेही तामस आणि अर्धेकच्चे उकडलेले खाणेही तामस. त्याच श्लोकात पुढे वास आलेले, शिळे, उष्टे आणि अमेध्य, म्हणजे अपवित्र, असे अन्न सांगितले आहे.

म्हणजे पाहा, येथे भगवंत पदार्थाची जात सांगत नाहीत. तो केव्हा रांधला, कसा रांधला, कसा ठेवला, हे विचारतात. जी आमटी दुपारी बारा वाजता सात्त्विक होती, तीच संध्याकाळी पाचला तामस होते. डाळ तीच, गूळ तोच, चिंच तीच. फक्त चूल विझली आणि पातेले तसेच राहिले. आजचे आरोग्यशास्त्र हीच गोष्ट अंशांच्या भाषेत सांगते. पाच अंश ते साठ अंश सेल्सिअस या उष्णतेत अन्नातील जंतूंची वाढ झपाट्याने होते, म्हणून शिजलेले अन्न बाहेर दोन तासांपेक्षा अधिक वेळ ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे आपला प्रहराचा हिशेबसुद्धा थोडा सैलच ठरला म्हणायचा!

हे सांगण्याचे आजच कारण काय? कारण असे की सप्ताह, वारी, पुण्यतिथी, काला या निमित्तांनी आपल्या संप्रदायात वर्षभर कोठे ना कोठे हजारोंच्या पंगती उठत असतात. आणि प्रसादाच्या अन्नात व इतर अन्नात एक मोठा भेद आहे, तिकडे आपले लक्ष जात नाही. खाणावळीत गेलेला माणूस ताट पाहतो, वास घेतो, भाजी कालची तर नाही ना, असे विचारतो. नाही आवडले तर उठून जातो. प्रसाद घेणारा यातले काही करीत नाही. तो ओंजळ पुढे करतो, मिळाले ते मस्तकाला लावतो आणि मुखात घालतो. प्रसादाचा वास घेणे त्याला पाप वाटते. आंबूस लागला तरी तो टाकीत नाही, कारण प्रसाद टाकू नये असे आपणच त्याला कीर्तनातून शिकवले आहे. त्याने डोळे मिटून विश्वास ठेवला, म्हणून रांधणाऱ्याने आपले डोळे दुप्पट उघडे ठेवले पाहिजेत. भाविकाची श्रद्धा जितकी मोठी, तितका आचाऱ्याचा भार मोठा. या श्रद्धेच्या आडोशाला घाणेरडे हात लपवणे यासारखा दुसरा विश्वासघात मला माहीत नाही.

तैत्तिरीय उपनिषदात ‘अन्न’ या शब्दाची फार मार्मिक व्युत्पत्ती दिली आहे. अद् म्हणजे खाणे. प्राणी ज्याला खातात ते अन्न. पण एवढ्यावर ऋषी थांबत नाहीत. जे प्राण्यांना खाते तेही अन्न, असे ते सांगतात. गुरुगृही हा भाग शिकताना आम्हां मुलांना हसू आले होते. भात माणसाला कसा खाईल? सोमठाण्याची बातमी वाचली तेव्हा ते वाक्य आठवले.

बुलढाणा जिल्ह्यात, लोणार तालुक्यात हे सोमठाणा गाव आहे. २०२४ सालच्या फेब्रुवारीत, एकादशीच्या दिवशी, तेथे हरिनाम सप्ताहात भगर-आमटीचा प्रसाद झाला. शेकडो माणसांना उलट्या-जुलाब लागले. दवाखान्यात खाटा पुरेनात, तेव्हा बाहेर उघड्यावर दोऱ्या बांधून त्यांना सलाइनच्या बाटल्या टांगाव्या लागल्या. भगवंताचे नाव घ्यायला जमलेली माणसे जमिनीवर ओळीने पडलेली, हे चित्र वर्तमानपत्रांतून साऱ्या देशाने पाहिले. त्या गावाला दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. त्यांच्या जागी तुमचे-आमचे कोणतेही गाव असू शकले असते, म्हणून सांगतो.

भगरीची गोष्ट एकादशी करणाऱ्या प्रत्येकाने नीट समजून घ्यावी. वरईचा हा दाणा लहान. ओलसर जागी राहिला तर त्यावर बुरशी धरते, आणि ती डोळ्यांना चटकन दिसत नाही. त्या बुरशीतून जे विष निर्माण होते ते शिजवल्याने जात नाही. भगर कितीही रटरटली तरी विष तसेच. त्यातून तयार पीठ आणले तर विचारायलाच नको. पीठ ओल लवकर धरते आणि त्यात काय दळले गेले हे कळायला मार्ग नाही. म्हणून भगर अखंड घ्यावी, बंद पाकिटातली, तारीख पाहून. निवडावी, धुवावी, आणि पीठ हवे असेल तर लागेल तेवढेच ताजे दळावे. मागच्या एकादशीची उरलेली भगर डब्यात आहे, ती याही एकादशीला संपवू, ही काटकसर उपवासाच्या दिवशी करू नये. उपवासाने निर्बळ झालेल्या पोटावर विष अधिकच चालते.

आता सोवळ्याकडे येतो. येथे काही मंडळी नाराज होतील, त्याला इलाज नाही. पतंजलींनी नियमांत पहिले स्थान शौचाला दिले आहे, आणि शौच बाह्य व आभ्यंतर असे दोन प्रकारचे. पैकी बाह्य शौचाचा अर्थ आपल्याकडे पुढे सोवळे असा रूढ झाला. मुळात ती चांगलीच योजना होती. स्नान करावे, धुतलेले वस्त्र नेसावे, मग चुलीपाशी जावे, मध्ये इतर कशाला शिवू नये. यात वैद्यालाही काही चूक काढता येणार नाही. पण पुढे काय झाले? रेशमी मुकटा म्हणजे कायमचा शुद्ध, असे ठरले. तो धुवायला नको! मग तोच मुकटा महिनोन्महिने खुंटीवर, घामाने ताठ झालेला. मी असे आचारी पाहिले आहेत की कोणाची सावली पडली तर पुन्हा स्नान करतील, आणि त्याच हाताने नाक पुसून कणीक तिंबतील. हे सोवळे कोणते? हात कोणत्या जातीचा आहे हे पाहण्यात आपल्या समाजाने शतके घालवली. हात धुतला आहे की नाही, एवढे पाहायचे मात्र राहून गेले. चोखोबांची समाधी ज्यांच्या महाद्वारासमोर आहे, त्या पांडुरंगाच्या भक्तांना हे अधिक सांगायला नको.

गाडगेबाबांनी हा प्रश्न फार सोप्या रीतीने सोडवला होता. गावात आले की आधी खराटा हातात, दिवसभर गाव झाडायचे, आणि रात्री कीर्तन. श्रोत्यांची मने झाडण्यापूर्वी त्यांच्या गल्ल्या झाडून घ्यायच्या, हा क्रम त्यांनी १९५६ साली देह ठेवीपर्यंत सोडला नाही. आम्ही कीर्तनकार त्यांची गोष्ट सांगून टाळ्या घेतो. खराटा तेवढा कोपऱ्यात राहतो.

पंढरीच्या वाटेला तर या बाबतीत मोठी किंमत मोजावी लागलेली आहे. एकोणिसाव्या शतकात यात्रेबरोबर पटकी येई आणि परत जाणाऱ्या यात्रेकरूंबरोबर गावोगाव पसरे. घरून निघालेला माणूस परत येईलच असा भरवसा नसे. देवीचा कोप म्हणून लोक नवस बोलत. १८८४ साली रॉबर्ट कॉख या जर्मन संशोधकाने कलकत्त्यात पटकीचा जंतू वेगळा काढून दाखवला. तो मळातून पाण्यात जातो, पाण्यातून आणि अन्नातून तोंडात जातो. म्हणजे कोप देवीचा नव्हता. पाणी आणि हात यांचा होता. आज पटकीचा तो दरारा राहिला नाही, हे टँकरच्या पाण्यात घातलेल्या क्लोरिनचे, वाटेवर उभ्या केलेल्या शौचालयांचे आणि आरोग्यपथकांचे उपकार. पण रस्ता तोच आहे: मळ, माशी, हात, पाणी, तोंड. फक्त त्या रस्त्याने आता निराळे जंतू चालतात.

आता दिंडीचे स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. घराचे स्वयंपाकघर स्वच्छ ठेवणे त्यामानाने सोपे. ओटा आहे, नळ आहे, मोरी आहे. येथे मोकळे रान, वरून आषाढाचा पाऊस, खाली चिखल, आणि एक ताडपत्री. पुणे-सासवड ही वाटेतली फार लांबची मजल. दिवेघाट चढून, भिजून आलेल्या आयाबाया त्याच ओल्या लुगड्यांनी भाकरी थापायला बसतात. त्यांना कोणी बोल लावावा? मी तर म्हणतो, दिंडीत ज्यांच्या हातांत दिवसभर टाळ होता, त्या पुरुषांनी संध्याकाळी भांडी हातात घ्यावीत. खरकटी भांडी रात्रभर तशीच पडतात, सकाळी घाईत एका बादलीत बुडवून काढतात, आणि त्यातच पुन्हा रांधतात. बादलीतले पाणी पहिल्या चार भांड्यांतच संपलेले असते. पुढची चाळीस भांडी त्या खरकट्याच्या पाण्यातच धुतली जातात. दोन पाणी हवीत. एक घासण्याचे, एक विसळण्याचे, आणि विसळण्याचे पाणी गढूळले की ओतून द्यायचे. नंतर भांडी पालथी घालून वाळवावीत. एकाच मळक्या फडक्याने सारी पुसून काढणे म्हणजे धुतले त्यावर पाणी सोडणे.

पाण्याचे पिंप हा दुसरा घात. पिंप भरलेले असते, वर झाकणही असते, आणि आत तांब्या तरंगत असतो. येणारा प्रत्येक जण बोटे बुडवून तांब्या काढतो. शंभर माणसांची बोटे त्या पाण्यातून गेली! लांब दांड्याचे ओगराळे आणावे किंवा तोटी असलेले पिंप घ्यावे. पाण्यात क्लोरिनचे औषध टाकले तर अर्धा तास थांबावे, लगेच उपयोग नाही. चंद्रभागेचे तीर्थ मस्तकी लावावे, त्याने मार्जन करावे. पण आषाढातल्या गढूळ पाण्यात डाळ शिजत घालू नये. यात चंद्रभागेचा अपमान नाही. तिच्यात आपण काय काय सोडतो ते तिला ठाऊक आहे आणि आपल्यालाही.

आणि हात. साबणाची वडी जाळीत घालून पिंपाजवळ दोरीला बांधली की ती हरवत नाही, चिखलातही पडत नाही. हात धुणे म्हणजे बोटांची टोके ओली करणे नव्हे. तळवा, बोटांच्या बेचक्या, नखांच्या खाली, मनगटापर्यंत. वैद्य सांगतात, वीस सेकंद तरी चोळावेत. आपल्याला घड्याळ कशाला? ‘रामकृष्णहरी’ हा मंत्र सावकाश दहा वेळा म्हणावा, तेवढा वेळ होतो. शौचाहून आल्यावर, भाजी निवडल्यावर, पैसे मोजल्यावर, लहान मुलाला धुतल्यावर, दर वेळी. कणीक तिंबणाऱ्याची नखे कापलेली हवीत, अंगठ्या काढलेल्या हव्यात. माळ घातलेला वारकरी निर्व्यसनी असतोच, पण भाड्याने आणलेल्या आचाऱ्याच्या गालात काय आहे, ते कोणी पाहते का? ज्याच्या हाताला गळू झाले आहे, जखम पिकली आहे, त्याला त्या दिवशी परातीपाशी बसवू नये. त्या पुवातला जंतू अन्नात असे विष सोडतो की अन्न पुन्हा उकळले तरी ते राहते. जुलाब लागलेल्याने तर थांबल्यानंतरही दोन दिवस चुलीकडे जाऊ नये. त्याला वाईट वाटेल. त्याच्या हातात टाळ द्यावा. सेवा तीही आहे.

भाताविषयी एक गोष्ट फारच थोड्यांना माहीत असते. आपण समजतो, भात उकळून शिजला, आता त्यात काही जिवंत राहिले नाही. खरे पाहता तांदळात एका जंतूची बीजे असतात, ती उकळीतही मरत नाहीत. भात कोमट होत आला की ती जागी होतात आणि विष करू लागतात. मोठ्या जेवणावळीत भात उपसून पंच्यावर ढीग घालतात, वर ओले फडके पसरतात. तो ढीग आत पाच-सहा तास कोमट राहतो. जंतूला याहून चांगला पाळणा कोणता? म्हणून पंगत पाहून पातेले चढवावे. एक पंगत बसली की दुसरे पातेले चुलीवर. आचारी कुरकुरतो, त्याला सारे एकदाच उरकून झोपायचे असते. पहाटे तीनला रांधून दुपारच्या विसाव्याला वाढायचे, ही रीतही यातयामच. बरोबर न्यायचेच तर भाकरी आणि कोरडी चटणी न्यावी; ओले पिठले, आमटी जागेवर करावी. जुन्या माळकऱ्यांची भाकरी-पिठल्याची वारी गरिबीची होती असे आपण समजतो. ती शहाणपणाचीही होती. आता पंगतीला बासुंदी हवी, श्रीखंड हवे. आषाढाच्या दमट हवेत आठशे माणसांची बासुंदी घमेल्यांत उघडी ठेवणे मला तरी धीटपणाचे वाटते.

आपण शाकाहारी, मग आपल्याकडे कच्च्या-पक्क्याचा काय प्रश्न, असे काहींना वाटते. कोथिंबिरीला लागलेली माती खताची असते. आमटी उकळून उतरवली, आणि वरून न धुतलेली कोथिंबीर मूठभर टाकली, की सारी उकळ व्यर्थ. कोशिंबिरीचेही तेच. कच्ची भाजी चिरलेली विळी धुतल्याशिवाय शिजलेल्या पदार्थाला लावू नये. पितळी पातेल्यांना कल्हई आहे का, तेही पाहावे. कल्हई उडालेल्या पितळेत ताक आणि चिंचेची आमटी कळकते, हे आपल्या आज्यांना माहीत होते. कल्हईवाला दारावर येईनासा झाला तशी ती आठवणही गेली.

आता शंका घेणारे भेटतातच. एक म्हणतात, बुवा, नामदेवरायांची पोळी कुत्र्याने पळवली तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. मग आमच्या कोठीत कुत्रे शिरले तर एवढे काय? काय हो, नामदेवराय ती पोळी कुत्र्याच्या तोंडातून काढून पंगतीत वाढायला निघाले होते काय? त्यांनी कुत्र्याला तूप दिले. तुम्हीही द्या, कोठीच्या बाहेर, निराळ्या पानावर. दुसरे म्हणतात, गोपाळकाल्यात भगवंतांनी गोपाळांचे उष्टे खाल्ले. होय, खाल्ले. त्या उष्ट्याचा अर्थ भेद मोडणे असा आहे; सर्वांच्या शिदोऱ्या एक झाल्या, कोणाची उत्तम कोणाची हलकी हे उरले नाही. त्यात गोपाळांनी हात धुतले नव्हते, असे कोणत्या पुराणात लिहिले आहे? काला तर हातानेच कालवायचा असतो, आणि त्यात दही असते, लाह्या असतात, काहीच पुन्हा शिजत नाही. म्हणून काल्याच्या हंडीत हात घालणाऱ्याने सर्वांत अधिक जपावे. तिसरे म्हणतात, पांडुरंग सांभाळतो. सांभाळतो ना! नाथांच्या घरी पैठणला श्रीखंड्या होऊन त्याने पाणी भरले, असे आपण सांगतो. ज्याला जगाचे नियंतेपण आहे त्याने भक्ताच्या घरचा रांजण भरला. त्याने घागर न धुता भरली असेल, असे तुम्हाला वाटते?

मोठ्या पंगती घालणाऱ्या मंडळांनी आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालील नियमांनी धार्मिक समारंभात अन्न वाटणाऱ्यालाही नोंदणी सांगितली आहे. तिला सरकारी कटकट समजू नये. देवस्थानांच्या स्वयंपाक्यांना शिकवण्यासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ‘भोग’ नावाचा उपक्रमही चालवला आहे. गावातील दोन तरुणांना ते शिक्षण मिळाले तरी सप्ताहाचे काम होते.

दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे. अन्न टाकण्याची. आपण अन्नाला पूर्णब्रह्म म्हणतो, शीत सांडले तरी वेचून घेतो. ही फार मोठी संस्कृती आहे आणि मी स्वतः तिच्यातच वाढलो. एका गावी सप्ताहात दुपारची दोन पातेली आमटी उरली होती. रात्री झाकण काढले तर फेस आला होता. आचारी म्हणाला, हिंग-मोहरीची फोडणी देतो, कळणार नाही. गावकरी गप्प, कारण डाळ वर्गणीची. एक म्हातारी माउली होती, दाताने अधू, ती पुढे झाली आणि म्हणाली, “माझ्या नातवाला आधी वाढा, मग पंगत बसवा.” कोणीच वाढायला पुढे आले नाही. तीच परीक्षा. आमटी खड्ड्यात गेली, रात्री सर्वांनी चुरमुरे खाल्ले, आणि हरिजागर झाला.

म्हणून माझी मंडळांना एवढीच मागणी आहे की विणेकरी जसा नेमता, चोपदार जसा असतो, तसा कोठीवर एक माणूस नेमा. तो वयाने कितीही लहान असो, बाई असो वा पुरुष, चालेल. त्याने चाखावे, वास घ्यावा, आचाऱ्याची नखे पाहावीत, पातेले केव्हा उतरले ते पाटीवर खडूने लिहावे. आणि त्याने नाही म्हटले की पंगत थांबली पाहिजे. मग अन्न कोणा देणगीदाराचे आहे, बाहेर किती माणसे बसली आहेत, महाराजांना पुढच्या गावी जायची घाई आहे का, हे कोणी काढू नये. महाराजांना थोडे ताटकळू द्या. आम्हांला सवय नाही, पण होईल.